मोकळ्या ऐरणीवर दोन ठोके

४ ऑगस्ट

भिंगरी,

पत्र हातात पडल्यावर आधी उठून दाराला आतून कडी लागते का ते बघ, मग पुढे वाच. तू लिहिलंस की कडी आहे पण सैल आहे. सैल कडी नसल्यातच जमा. स्क्रू काढ, त्याच भोकात काडेपेटीतली काडी मोडून घाल आणि स्क्रू पुन्हा पिळ. घट्ट बसेल. तोवर दाराला खुर्ची लावत जा.

फोन करू नकोस असं माझं म्हणणं नाही, पण माझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. भट्टीपुढे जन्म काढलेल्या माणसाचे कान शेवटी ऐरणच घेते. परवा खालची शिंपीणबाई तिचा फोन घेऊन वर आली. तू काहीतरी बोलत होतीस आणि मी नुसता "हो, हो" म्हणत होतो. ती गेल्यावर मला धास्ती पडली की आपण नक्की कशाला हो म्हटलं. म्हणून पत्रच बरं. चौथीपर्यंत का होईना शिकलोय, वाचायला कुणी लागत नाही, आणि पत्र पुन्हा पुन्हा वाचता येतं.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, "इथे मला हल्ले शिकवतात." हे वाचून मी उठून पाणी प्यायलो. कुणावर हल्ले? तू तर चित्रं हलवायच्या कामाला गेलीस ना? तुझ्या बापाला विचारलं तर म्हणतो, "अप्पा, खेळ आहे तो, काळजी करू नका." खेळासाठी कुणी माणसं कामाला ठेवतं का? मला नीट समजावून लिही. माझ्याकडे वेळच वेळ आहे. घरात पसारा करायला एक माणूस आणि आवरायलाही तोच. सकाळी दोन कप मांडतो, मग एक परत ठेवतो. चार वर्षं झाली तरी हात ऐकत नाही.

पाकिटावर तिकीट पुरेसं लागलं का याची शंका आहे. हे पत्र मिळालं नाही तर तसं कळव.

तुझा आजोबा


१३ ऑगस्ट

आजोबा,

कडी बसली. एक नाही, दोन काड्या लागल्या. आणि फोनवर तुम्ही ज्याला हो म्हणालात तो प्रश्न होता, "आजोबा, वेळेवर जेवता ना?" तेव्हा आता पाळा.

हल्ले खोटे आहेत. गेममधली माणसं एकमेकांशी लढतात आणि लढताना त्यांची अंगं कशी हलावीत ते आम्ही ठरवतो. एका सेकंदाची तीस चित्रं. प्रत्येक घावाचे तीन भाग असतात. आधी अंग मागे घ्यायचं, मग घाव, मग सावरायचं. नवी माणसं मधल्या भागावर जीव टाकतात. पण आमच्या मोठ्या बाई म्हणतात की मारताना सगळे सारखेच दिसतात, माणूस ओळखू येतो तो मारायच्या आधी आणि मारल्यानंतर.

त्यांची परीक्षा सांगते. त्या सगळी पात्रं काळी करून टाकतात, नुसत्या सावल्या. चेहरा नाही, कपडे नाहीत, हातात काय आहे तेही नीट दिसत नाही. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहतात आणि सावली बघून सांगतात, हा खाटीक, हा नावाडी. त्यांना सांगता आलं नाही तर ते काम फुकट.

माझ्याकडे एकच पात्र आहे. म्हातारी लोहारीण, हातात घण. मला नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत चाचणीवर ठेवलंय. लोहारीण ओळखू आली तर मी राहणार, नाही तर बॅग भरायची. आजोबा, मी एक आगाऊपणा केला. सांगून टाकलं की माझ्या आजोबांनी आयुष्यभर घण मारलाय. बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "मग निदान तुझी तरी खरी होईल."

तेव्हा शिंपीणबाईंना सांगून घण मारतानाचा तुमचा व्हिडिओ काढून पाठवा. पाच-सहा घाव पुरेत.

इथे सगळे कानात गाण्याची बोंडं घालून बसतात. काल दिवसभरात मी तीन वाक्यं बोलले, त्यातलं एक लिफ्ट बंद पडली म्हणून स्वतःशीच.

तुमची भिंगरी


२४ ऑगस्ट

भिंगरी,

व्हिडिओ शिंपीणबाईने पाठवला म्हणते. खरोखर गेला का, की वाटेत कुठे अडकला, ते मला कळायला मार्ग नाही.

घण आपल्या बंद दुकानात आहे आणि दुकानाची किल्ली सापडत नाहीये. म्हणून झाडूच्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली बांधली. शिंपीणबाई म्हणाली, "आजोबा, जरा हसा." मी म्हटलं, "घण मारताना कुणी हसतं का?" "मग रागावून मारा." "रागावून मारला तर लोखंड वाकडं जातं, बाई." त्यावर ती म्हणाली, "खांदा जपा म्हणजे झालं. तो उसवला तर मला शिवता येणार नाही." तोंडाची फटकळ आहे, पण उन्हात अर्धा तास फोन धरून उभी राहिली.

एक विचारू का? ती म्हातारीच कशाला? एखादा तगडा गडी दाखवता येणार नाही का? बाईमाणूस घण मारतं हे कुणाला पटायचं नाही. बायका भाता ओढतात. तुझी आजीही भाताच ओढायची. अर्थात मोठ्या बाईंना राग येणार असेल तर हे बोलू नकोस.

आणि मी आयुष्यभर घण मारला असं तू सांगितलंस, ते चांगलं केलंस की वाईट ते मला ठरवता येत नाही. त्याची चौकशी करायला इकडे कुणी येणार नाही ना? कागद वगैरे मागणार नाहीत ना? दोन दिवस तेच डोक्यात आहे.

जेवण वेळेवर चालू आहे.

तुझा आजोबा


१५ सप्टेंबर

आजोबा,

कुणी येणार नाही, कुणी कागद मागणार नाही. जेवा आणि स्वस्थ बसा.

माझं इथे ठीक नाही. लोहारीण दोनदा परत आली. पहिल्यांदा बाई म्हणाल्या, "हा लाकूडतोड्या आहे." दुसऱ्यांदा तेही म्हणाल्या नाहीत, नुसती मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेल्या. मी खोलीत छत्री घेऊन स्वतः घाव घालून बघते. खालच्या मजल्यावरचा माणूस वर आला आणि त्याने विचारलं, "तुमच्याकडे कुणी राहायला आलंय का?" मी म्हटलं, नाही, मी एकटीच आहे. त्याने मग माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं.

शेवटी हरून तुमचा व्हिडिओ एकेक चित्र थांबवत बघितला. सगळी मिळून साडेसातशे चित्रं, दोन दिवस लागले. आजोबा, त्यात काहीतरी आहे आणि ते मला समजत नाहीये.

घण दोन्ही हातांनी धरतात ना? तुमचा डावा हात दांड्यावर टिकतच नाही. दर वेळी सुटून खाली येतो आणि मूठ वळून तसाच राहतो, जणू त्यात काही धरलंय. गुडघे वाकतात ते घाव घालायला नाही, बसायला वाकल्यासारखे. घाव घालताना माणूस खाली बघतो, पण तुम्ही वर बघताय. समोर, तुमच्या डोक्यापेक्षा उंच. समोर तर नुसती भिंत होती. आणि शेवटच्या घावानंतर तुमचं उजवं मनगट बारीकसं हलतं. दोनदा. अगदी बारीक, व्हिडिओ चालू असताना दिसतही नाही.

तुम्ही घण मारताय असं वाटतच नाही. समोर दुसरं कुणीतरी मारतंय आणि तुम्ही ते बघताय असं वाटतं.

हे काय आहे ते मला लिहा. अडीचच महिने उरलेत.

भिंगरी


४ ऑक्टोबर

आजोबा,

तुमचं उत्तर नाही. रागावलात का? मी चूक काढली असं वाटलं असेल तर माफ करा.

शिंपीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की तुम्ही रोज सकाळी दुकानाच्या बंद दारासमोर पायरीवर जाऊन बसता, आणि विचारलं तर म्हणता, ऊन घेतोय. त्या म्हणाल्या, तिथे ऊन येतच नाही.

एक ओळ लिहा.

भिंगरी


११ ऑक्टोबर

भिंगरी,

रागावलो नाही. घाबरलो होतो. चार कागद फाडले, हा पाचवा. हाही फाडायच्या आत शिंपीणबाईच्या हातात देणार आहे.

घण तुझी आजी मारायची. मी नाही.

मी ऐरणीच्या अलीकडे बसायचो. डाव्या हातात सांडस, सांडशीत तापून लाल झालेलं लोखंड, उजव्या हातात लहान हातोडी. ती पलीकडे उभी. मी हातोडी जिथे टेकवायचो तिथे तिचा घण पडायचा. हातोडी लोखंडावर वाजली की घाव. मोकळ्या ऐरणीवर दोनदा वाजली की थांब. एवढीच आमची भाषा, आणि त्या गोंगाटात दुसरी चालतही नव्हती. तुला माझ्या मुठीत दिसलं ते बरोबर आहे. तिथे सांडस आहे. मी वर बघतो कारण ती वर आहे. बाटली बांधून दांडा उचलला आणि हात आपापल्या जागी गेले. मला वाटलं, एवढं कुणाला दिसणार आहे. तू चित्रं थांबवून बघतेस हे मला कुठे माहीत होतं.

सुरुवातीला गडी होते. माझा स्वभाव किरकिरा, टिकेनात. तिसरा निघून गेला त्या दिवशी ती भात्यावरून उठली आणि म्हणाली, "दाखवा हातोडी. तुमच्या किरकिरीची माझ्याइतकी सवय कुणाला आहे?" तिथून सव्वीस वर्षं.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. गिऱ्हाईक दारात आलं की ती घण ठेवून भात्याशी जाऊन बसायची आणि मी उठून घणापाशी उभा राहायचो. पहिल्यांदा मीच तिला डोळ्यांनी खुणावलं होतं. बायको घण मारते आणि हा बसून टिचक्या वाजवतो असं लोक म्हणतील, ही भीती. नंतर खुणावण्याची गरजच उरली नाही. घाम तिच्या कपाळावर आणि वाहवा मला. तुझ्या बापाला सगळं माहीत आहे. तो मला कधी तोंडावर बोलला नाही, पण शिकायला बाहेर पडला तो परत दुकानाची पायरी चढला नाही. आणि तुला लहानपणी मांडीवर घेऊन माझ्या घणाच्या गोष्टी सांगायचो तेव्हा ती तिथेच भाजी निवडत बसलेली असायची. एकदा फक्त म्हणाली, "सांगायचं तेव्हा सांगाल." मी सांगितलं नाही. मग तिचा खांदा गेला, मग दुकान बंद झालं, मग ती गेली.

किल्ली हरवलेली नाही. ती माझ्या खिशात असते.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकतो. तुझं पत्र वाचून मनात एकदा असं आलं की गप्प राहिलो तर तू नापास होशील आणि घरी येशील. दोन कप मांडता येतील. म्हणूनही उत्तर लांबवलं. म्हातारा माणूस असा असतो, भिंगरी.

आता नीट वाच. मी तिला तीन हातांवरून, समोरून आणि खालून बघितलंय. माझ्याइतकं कुणी बघितलेलं नाही.

उचलायच्या आधी ती खालचा ओठ पुढे काढून कपाळावरचे केस फुंकायची. केस आलेले असोत वा नसोत. मग डावी टाच उचलायची. घण दंडांच्या जोरावर वर जात नसे, टाचेपासून वर जायचा. अगदी वर गेला की क्षणभर तिथेच राहायचा, जणू तिचा नाहीच, कुणीतरी तिला धरायला दिलाय. ती लोखंडाकडे बघायची नाही, घणाकडेही नाही. माझ्या हाताकडे बघायची. घाव पडला की घण उसळतो. त्या उसळीतच ती पुढचा उचलायची, म्हणून थकायची नाही.

आणि शेवटच्या घावानंतर घण ऐरणीच्या वर वीतभर धरून थांबायची. मान डावीकडे कलती, कान माझ्याकडे. दोन ठोके ऐकल्याशिवाय घण खाली ठेवायची नाही. एकदा मी गंमत म्हणून ठोके दिलेच नाहीत. ती थांबली. हात थरथरायला लागले तरी थांबली. मग म्हणाली, "अहो, झालं असेल तर सांगा, नसेल तर दाखवा. असं मधेच सोडू नका."

एवढं तुला पुरेल का माहीत नाही. मोठ्या बाईंना खरं सांग. मी खोटा ठरलो तर चालेल, तू ठरू नकोस.

तुझा आजोबा


२६ नोव्हेंबर

आजोबा,

पत्र मिळालं त्याच दिवशी बाईंकडे गेले. म्हटलं, मी चुकीचं सांगितलं होतं, घण आजीने मारला. त्यांनी विचारलं, "आणि आजोबा काय करायचे?" मी म्हटलं, "कुठे मारायचं ते दाखवायचे, आणि कधी थांबायचं ते." त्या म्हणाल्या, "मग बस आणि कर."

सहा आठवडे केलं. केस फुंकणं तीन चित्रांत बसलं. टाचेला आठवडा गेला, कारण टाच आधी आणि घण मागाहून हे जमायला मला पुन्हा छत्री घ्यावी लागली. खालच्या माणसाने आता विचारणं सोडलंय.

भांडण झालं ते शेवटावरून. बाई म्हणाल्या, "घाव झाल्यावर ही इतका वेळ उभी का? तेवढ्यात समोरचा हिला दोनदा मारून जाईल. अर्धं काप." मी कापलं. कापल्यावर ती कुणीही झाली, पुन्हा लाकूडतोड्या. मग घण उचलण्याचा वेळ कमी केला आणि थांबणं होतं तेवढंच परत ठेवलं. चाळीस चित्रं. सव्वा सेकंदाहून थोडं जास्त.

काल परीक्षा झाली. सहा काळ्या सावल्या. बाई खोलीच्या टोकाला उभ्या राहिल्या. पाच जणांची नावं भराभर घेतली. मग माझी आली. ती थांबली होती, मान कलती करून. मग टेबलाच्या लोखंडी पायावर पाना वाजवून मी मुद्दाम रेकॉर्ड करून भरलेले दोन ठोके ऐकू आले आणि तिने घण खाली ठेवला. बाई म्हणाल्या, "लोहारीण." थोड्या वेळाने म्हणाल्या, "हिला असंच थांबू दे."

तर मला ठेवून घेतलंय, आजोबा. म्हणजे निदान वर्षभर मी परत येत नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. तुम्ही पत्रात जे कबूल केलंत त्यानंतर हे लिहायला हात धजत नव्हता. पण आजीच म्हणाली होती ना, असं मधेच सोडू नका. तुमच्या दोन कपांचं मला फार वाटतं.

व्हिडिओ शिंपीणबाईंकडे पाठवला आहे. ठोके तुम्हाला ऐकू येणार नाहीत, ते कधी पडतात ते त्यांना विचारा.

भिंगरी


४ डिसेंबर

भिंगरी,

तू राहिलीस ते बरं झालं. हे मी एकाच कागदावर लिहितोय, काही फाडलेलं नाही.

शिंपीणबाई फोन घेऊन वर आली तेव्हा मी म्हटलं, इथे नको. खिशातली किल्ली काढली. दुकानाचं दार दोघांनी ढकलून उघडलं. ती म्हणाली, "आजोबा, ही धूळ झाडायला मला अंगरखा शिवून घ्यावा लागेल." मी तिला तिथे उभ्या उभ्याच सांगितलं की या दुकानात घण माझ्या बायकोने मारला, सव्वीस वर्षं. ती म्हणाली, "मला शंका होतीच. तुम्हाला झाडूसुद्धा धरता येत नव्हता." तुझ्या बापालाही पत्र टाकलंय. त्याला माहीत आहे, पण माझ्या तोंडून गेलेलं नव्हतं.

मी माझ्या जागेवर बसलो. गुडघे कुरकुरले, पण बसलो. घणाच्या दांड्याला टेकवून शिंपीणबाईने फोन पलीकडे ठेवला, जिथे तुझी आजी उभी राहायची तिथे. मग व्हिडिओ लावला.

अंगाने तुझी लोहारीण म्हणजे तुझी आजी नाही. फार आडवी आहे, आणि हातांत कसलीशी कडी घातलीत. पण केस फुंकले. टाच उचलली. घाव घातले, मी मोजले, चार. आणि मग थांबली. मान डावीकडे.

मला काही ऐकू आलं नाही. शिंपीणबाईला विचारायलाही सुचलं नाही. हातोडी कधी उचलली ते मला माहीत नाही. मी मोकळ्या ऐरणीवर दोन ठोके दिले आणि तिने घण खाली ठेवला.

शिंपीणबाई म्हणाली की हे संपलं की आपोआप पहिल्यापासून सुरू होतं, बंद करू का? मी म्हटलं, राहू दे.

शिंपीणबाईला तिचं शिवणाचं दुकान उघडायचं होतं म्हणून नऊ वेळाच बघून झालं. नऊही वेळा ठोके दिले. एकदाही तिला ताटकळत ठेवलं नाही.

तुझा आजोबा